इरकली पदराचा सांधा

केंपेगौडाने 1537 च्या सुमारास बंगळूर वसविले, ते धंद्यांनुसार पेठा पाडून. कानडीत ‘अरळे’ म्हणजे कापूस. अरळेपेठ ही कापसाची पेठ. त्याच जुन्या नगरातील चिक्कपेठेत आज नाना प्रांतांची वस्त्रे मिळतात आणि महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या नेसले गेलेले इरकली लुगडेही मिळते. मात्र बाजारात या एकाच नावाने हातमागाचे आणि यंत्रमागाचे असे दोन्ही माल विकले जातात. त्यांच्या किमतीत अंतर का, हे समजण्यासाठी विणकराच्या मागापाशीच जावयास हवे.

बंगळूरपासून चारशेहून अधिक किलोमीटर उत्तरेस, बागलकोट जिल्ह्यात इलकल हे गाव आहे. तेच आपले इरकल. तेथे विणकर खड्डामागावर बसतो. एरवी मागावर एकच लांब ताणा चढवून त्यावर ओळीने अनेक साड्या विणता येतात. इरकली लुगड्यात ती सोय नाही. अंगाचा ताणा बहुधा सुती आणि पदराचा ताणा रेशमी, असे दोन ताणे निराळे तयार करावे लागतात. मग एका ताण्याच्या धाग्यांचे फासे दुसऱ्याच्या फाशांत अडकवून दोन्ही जोडतात. या सांध्याला ‘कोंडी’ म्हणतात. प्रत्येक लुगड्यासाठी तो नव्याने घालावा लागतो. लाल भूमीवर पांढऱ्या नक्षीचा टोपपदर उठून दिसतो, त्याचे मूळ या खटाटोपात आहे. शिवाय धागे रंगविणे, कांड्या भरणे ही मागापूर्वीची कामे पुष्कळशी घरातील स्त्रिया करतात. किमतीत त्यांचेही श्रम असतात.

म्हणून घेणाऱ्याने पदर उलगडून उभे धागे पाहावेत. अंगाचाच ताणा पदरातून सलग पुढे गेला असेल, तर तेथे कोंडी नाही, हे निश्चित समजावे.

अशी चिंता आपल्याच देशात आहे असे नाही. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात माया स्त्रिया मागाचा पट्टा कमरेला बांधून ‘विपील’ नावाचा अंगरखा विणतात. त्याच्या नक्षीवरून नेसणारीचे गाव ओळखता येते. या नक्षींना संरक्षण मिळावे म्हणून 2016 मध्ये तेथील विणकर स्त्रियांनी संविधान-न्यायालयाचे दार ठोठावले. आपल्याकडे 1999 च्या कायद्यान्वये इरकली साडीला भौगोलिक मानांकन लाभले आहे.

परंतु कायदा नावाचे रक्षण करतो. हाताला काम देतो तो ग्राहक. पुष्कळ विणकर मालकाच्या सुतावर, नगामागे ठरलेल्या मजुरीने विणतात. सुताचा भाव त्यांना कमी करता येत नाही. तेव्हा मागापाशी उभे राहून घासाघीस करणारा, सुताचे नव्हे, मजुरीचेच पैसे कापीत असतो. कोंडी ओळखणाऱ्याने तिचे मोलही द्यावे. नाहीतर उद्या ओळखण्यास कोंडीच उरणार नाही.