राजकीय विचारसरणी आणि लोकशाहीनिष्ठा : आणीबाणीच्या संदर्भात एक विवेचन

हुकूमशाहीपेक्षा लोकशाही श्रेष्ठ मानण्याची वृत्ती व्यक्तीच्या राजकीय विचारसरणीवरून ठरते काय, हा राज्यशास्त्रातील महत्त्वाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

या काळात वृत्तपत्रांवर निर्बंध आले व लोकसभेची मुदत वाढविण्यात आली. डाव्यांपैकी भारतीय कम्युनिस्ट पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष व समाजवादी यांनी विरोध केला. उजव्यांपैकी जनसंघ विरोधात, तर शिवसेना समर्थनात होती. म्हणजेच डावे-उजवे ही विभागणी येथे अपुरी पडते.

नाटे गाव ज्या राजापूर तालुक्यात येते, त्या राजापूर मतदारसंघाचे समाजवादी खासदार प्रा. मधु दंडवते तेव्हा तुरुंगात होते. १९७७ मध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. तथापि १९७१ मध्येही तेच विजयी झाले होते. म्हणून हा कौल केवळ लोकशाहीनिष्ठेचा द्योतक मानता येत नाही.

दडपशाहीची झळ बसलेल्याने तिला विरोध करणे स्वाभाविकच होय. खरी कसोटी सत्ता स्वपक्षाची असताना लागते. या दृष्टीने काँग्रेसमध्ये राहून मतभेद व्यक्त करणाऱ्या व आणीबाणीत तुरुंगवास भोगणाऱ्या चंद्रशेखर आणि मोहन धारिया यांची उदाहरणे अधिक बोलकी आहेत.

सारांश, विचारसरणी साध्य सांगते. लोकशाहीनिष्ठा मात्र साधनांचा विवेक न सोडण्यात असते.