स्ट्रेनचा आकडा आणि चित्राचा बारीकपणा

हृदयाच्या एमआरआयवरचं व्याख्यान करमाळ्यात कशाला, असं काहींना वाटेल. पण केमोथेरपीसाठी आपल्या तालुक्यातूनही लोक बार्शीला, सोलापूरला, पुण्या-मुंबईला जातात. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तर १९८७ साली आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत सुरू झाली. केमोतल्या काही औषधांनी, उदाहरणार्थ डॉक्सोरुबिसिनने, हृदयाच्या स्नायूला इजा होऊ शकते. ती लवकर कळावी म्हणून इकोवर, आणि काही ठिकाणी एमआरआयवर, 'स्ट्रेन' मोजतात. चित्र किती बारीक काढलंय यावर हा आकडा कसा हलतो, ते आज पाहू.

स्ट्रेन म्हणजे स्नायूची लांबी मूळ लांबीच्या किती टक्के बदलली, एवढाच हिशेब. १०० मिलिमीटरचा पट्टा आखडून ८० झाला, तर स्ट्रेन उणे २० टक्के. निरोगी हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात उभ्या दिशेचा स्ट्रेन साधारण एवढाच असतो. केमोच्या रुग्णात इकोवरचा हा आकडा आधीच्या तुलनेत १५ टक्क्यांहून जास्त घसरला, की डॉक्टर सावध होतात. आता २० चे १५ टक्के म्हणजे तीन. म्हणजे २० चा आकडा १७ च्या खाली आला की चिंता. प्रश्न असा, की हे तीन अंक हृदयाने घालवले की चित्राने?

एमआरआयचं चित्र ठिपक्यांच्या रांगोळीसारखं असतं. नेहमीच्या हलत्या चित्रात एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, दीड ते दोन मिलिमीटरचा. आणि तो नुसता ठिपका नसतो, तर सहा ते आठ मिलिमीटर खोल ठोकळा असतो, कारण चित्र हृदयाच्या तेवढ्या जाड चकतीचं असतं. हृदयाची भिंत आठ-दहा मिलिमीटरची. म्हणजे अख्ख्या भिंतीला ठिपके मिळाले चार-पाच!

काठावर खरी अडचण येते. उजनीचं पाणी ओसरताना काठावर जाऊन बघा. पाणी कुठे संपलं आणि जमीन कुठे सुरू झाली, नेमकं सांगता येत नाही, मध्ये चिखलाचा पट्टा असतो. तसंच काठावरच्या ठोकळ्यात अर्धं रक्त, अर्धा स्नायू. यंत्र दोन्हींची सरासरी काढून करडा ठिपका देतं. स्ट्रेन मोजणारं सॉफ्टवेअर हाच काठ धरून ठोकाभर त्याच्या मागे जातं. ठोकळा मोठा, तितका चिखलाचा पट्टा रुंद.

पण ही चूक सगळ्या दिशांना सारखी नडत नाही. मोजणीत एक फूट चुकला, तर ३३ फुटी गुंठ्याच्या बाजूला तीन टक्क्यांचा फरक. तोच फूट आठ फुटी पट्टीत चुकला, तर साडेबारा टक्के! भिंतीची जाडी ही ती अरुंद पट्टी. समजा, भिंत आठची बारा झाली. जाडीच्या दिशेचा स्ट्रेन ५० टक्के. काठ पुसट असल्यामुळे आठच्या जागी नऊ मोजले गेले, तर तोच स्ट्रेन ३३. उलट भिंतीचा घेर १६० वरून १२८ झाला, तर उणे २०. इथे १६० चे चुकून १६३ मोजले तरी आकडा उणे साडेएकवीसच्या आसपास राहतो. म्हणून घेराच्या आणि उभ्या दिशेच्या स्ट्रेनवर आम्ही जास्त विसंबतो. त्यातही एकेका तुकड्यापेक्षा सगळ्या भिंतीची सरासरी बरी.

वेळेचाही बारीकपणा असतो बरं का. मिनिटाला ७५ ठोके, तर एक ठोका ८०० मिलिसेकंदांचा. त्यात २५ चित्रं घेतली तर दर ३२ मिलिसेकंदांना एक. बाराच घेतली, तर सगळ्यात जास्त आखडलेला क्षण दोन चित्रांच्या मध्ये निसटू शकतो. मग स्ट्रेन खरा असेल त्यापेक्षा कमी दिसतो.

मग सगळंच बारीक का काढत नाही? कारण ठिपक्याच्या दोन्ही बाजू निम्म्या केल्या की क्षेत्रफळ चौथाई होतं, आणि त्यातून येणारा संकेतही तेवढाच घटतो. चित्र खरखरीत होतं. वेळ वाढवावा, तर रुग्णाला श्वास जास्त रोखावा लागतो, आणि दमलेल्या माणसाला ते झेपत नाही. शिवाय पडद्यावर चित्र गुळगुळीत दिसलं म्हणजे ते बारीक असतंच असं नाही. संगणक मोजलेल्या ठिपक्यांच्या मध्ये अंदाजाचे ठिपके भरून देतो. रांगोळी दाट दिसते, पण नवी माहिती त्यात नसते.

तेव्हा लक्षात एवढंच ठेवा. पहिली तपासणी एका शहरात आणि दुसरी दुसरीकडे, तीही वेगळ्या पिक्सेलची, वेगळ्या सॉफ्टवेअरची, असं झालं तर दोन आकड्यांची वजाबाकी फसवी ठरू शकते. इको आणि एमआरआयचे आकडेही एकमेकांतून वजा करू नयेत. शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने तपासणी करा. नुसता रिपोर्टचा कागद जपू नका, चित्रांची सीडीही जपा. मूळ चित्रं असली तर दोन्ही वेळची मोजणी एकाच सॉफ्टवेअरवर पुन्हा करता येते. आणि आकडा घसरलेला दिसला म्हणून केमो आपल्या मनाने थांबवू नका. कर्करोगाच्या आणि हृदयाच्या, दोन्ही डॉक्टरांना विचारा, "दोन्ही वेळची मोजणी सारखीच होती ना?" हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे.