त्वचेवर मुक्काम किती?

सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातील मांडणी चेहरा, ओठ, डोळे, नखे अशा अवयवांनुसार केलेली असते आणि जाहिरातींची मांडणी वय, वर्ण व सणासुदीनुसार. त्वचेला मात्र या दोन्हींशी कर्तव्य नसते, कारण तिच्यापुरता पहिला भेद एवढाच असतो, की वस्तू लावून लगेच धुऊन टाकायची आहे की लावून तशीच ठेवायची आहे. हा भेद कायद्यालाही मान्य आहे. मिथाइलआयसोथायझोलिनोन नावाचे एक परिरक्षक, म्हणजे प्रसाधनात जंतू वाढू नयेत म्हणून घातले जाणारे द्रव्य, युरोपीय संघाने २०१७ पासून लावून ठेवण्याच्या प्रसाधनांत पूर्णपणे निषिद्ध ठरवले. तेच द्रव्य शाम्पूसारख्या धुऊन जाणाऱ्या वस्तूंत दशलक्षात १५ भागांपर्यंत वापरण्याची मुभा मात्र त्याने ठेवली. द्रव्य एकच असताना निर्णय दोन झाले, कारण अर्धा मिनिट डोक्यावर असलेला फेस आणि रात्रभर गालावर असलेले क्रीम यांचा त्वचेशी होणारा संबंध सारखा नसतो.

त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थराला शृंगस्तर म्हणतात आणि चेहऱ्यावर त्याची जाडी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे फार तर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी असते. त्यातील मृत पेशी कौलारू छपरावरच्या कौलांसारख्या एकावर एक शाकारलेल्या असतात आणि त्यांच्या सांध्यांत सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांचे स्निग्ध लिंपण असते. आतले पाणी उडू न देणे व बाहेरचे आत न येऊ देणे हे काम प्रामुख्याने या लिंपणाचे. जे रेणू आकाराने लहान आणि काहीसे स्निग्ध असतात तेच या छपरातून झिरपतात व रेणुभाराने (तो डाल्टन या परिमाणात मोजतात) साधारण ५०० डाल्टन ओलांडले, की प्रवेश जवळजवळ बंद होतो. कोलॅजनचा रेणू सुमारे तीन लाख डाल्टनचा असल्यामुळे ‘कोलॅजनयुक्त’ क्रीमने त्वचेतले कोलॅजन वाढते या समजाला फारसा आधार उरत नाही. असे क्रीम वरवरचा ओलावा टिकवते इतकेच, आणि तेवढे काम त्याहून पुष्कळ स्वस्त वस्तूही करते.

सर्वांत कमी मुक्काम साबणाचा, तरीही त्याच्याकडे दुर्लक्ष करणे परवडत नाही. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, साधारण ४.५ ते ५.५ सामू असलेला असतो, तर नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. म्हणून दिवसातून चारदा साबणाने चेहरा धुणाऱ्याचे ते स्निग्ध लिंपण हळूहळू वाहून जाते आणि कोरड्या पडलेल्या त्वचेला मग महागड्या क्रीमची गरज भासू लागते. वेष्टनावर बारीक अक्षरांत टीएफएम हा आकडा छापलेला असतो. तो एकूण मेदद्रव्याचे प्रमाण सांगतो आणि भारतीय मानकानुसार ७६ टक्के वा अधिक असल्यास साबण पहिल्या प्रतीचा, ७० टक्क्यांपर्यंत दुसऱ्या आणि ६० टक्क्यांपर्यंत तिसऱ्या प्रतीचा धरला जातो. ‘बेदिंग बार’ असे छापलेली वडी या प्रतवारीत बसत नाही, हे दुकानात उभे असताना सहसा कोणी वाचत नाही.

दिवाळीतील अभ्यंगस्नानाचा क्रम या दृष्टीने शहाणपणाचा ठरतो, कारण आधी तेल जिरवून नंतर उटणे लावल्याने उटणे वरचे जास्तीचे तेल व मळ घेऊन जाते आणि काही मिनिटांतच पाण्याबरोबर निघून जाते. तेच उटणे किंवा मुलतानी माती चेहऱ्यावर तडे जाईपर्यंत वाळवली, तर ती त्वचेतलेही पाणी ओढून घेऊ लागते, म्हणून लेप दमट असतानाच धुवावा. लिंबाचा रस त्यात घालण्याची सवय मोडलेली बरी, कारण त्याचा सामू सुमारे २ असतो आणि रस लावून उन्हात गेल्यास तेथे भाजल्यासारखे डाग उठू शकतात. ‘घरगुती’ या शब्दाला मराठी घरांत जो मान आहे तो लोणच्याच्या बाबतीत रास्त असला, तरी आम्लाच्या बाबतीत नाही.

लावून ठेवण्याच्या प्रसाधनांची महाराष्ट्रातली जुनी ओळख ‘स्नो-पावडर’ या जोडशब्दात आहे. मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी १९१९ मध्ये बाजारात आणलेल्या ‘अफगाण स्नो’सारख्या क्रीमना स्नो म्हणत, आणि अशा क्रीमचा पाया स्टिअरिक आम्ल हे मेणासारखे मेदाम्ल असे, ते चोळताच दिसेनासे होई व पावडर धरून ठेवी. आजच्या मॉइश्चरायझरमध्ये दोन प्रकारची द्रव्ये असतात, ग्लिसरीनसारखी पाणी धरून ठेवणारी आणि पेट्रोलियम जेलीसारखी पाण्यावर झाकण घालणारी, व दोन्हींचे खरे चीज तोंड धुतल्यावर त्वचा दमट असतानाच क्रीम लावल्यास होते. कोकणातल्या दमट हवेत हलके, पाणीदार जेल पुरते, परंतु विदर्भातल्या कोरड्या हवेत झाकण घालणारे काही नसेल तर ग्लिसरीनने धरलेले पाणीही उडून जाते. त्यामुळे मुंबईच्या मैत्रिणीने सुचवलेले क्रीम नागपुरात निरुपयोगी ठरले, तर दोष क्रीमचा असेलच असे नाही.

सनस्क्रीनच्या बाबतीत मुक्कामाइतकेच प्रमाण महत्त्वाचे आहे. एसपीएफ हा आकडा त्वचा लाल करणाऱ्या अतिनील-बी किरणांपासून मिळणारे संरक्षण सांगतो. १५ एसपीएफ हे किरण सुमारे ९३ टक्के, ३० एसपीएफ ९७ टक्के आणि ५० एसपीएफ ९८ टक्के अडवते, म्हणजे तिसाच्या पुढे मिळणारा लाभ किमतीच्या मानाने थोडाच असतो. मात्र हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून काढलेले असतात. चेहरा व मान मिळून साधारण ६०० चौरस सेंटिमीटर धरले, तर एका वेळेस सव्वा ग्रॅमच्या आसपास सनस्क्रीन लागते. तर्जनी व मधले बोट यांवर टोकापासून मुळापर्यंत ओढलेल्या दोन रेघा हे त्याचे सोपे माप. या हिशेबाने रोज एकदाच लावले तरी ५० ग्रॅमची ट्यूब चाळीसएक दिवसांत संपायला हवी, आणि ती सहा महिने पुरत असेल, तर वेष्टनावरच्या एसपीएफपैकी फारच थोडा भाग चेहऱ्यावर पोचतो आहे असे समजावे. एसपीएफ असलेली पावडर किंवा फाउंडेशन एवढ्या जाडीने कोणी लावत नाही, म्हणून ती सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाहीत. उन्हात काम करणाऱ्याला दर दोन तासांनी थर पुन्हा लावावा लागतो.

त्वचेत खोलवर जाणारे व रंग गडद करणारे अतिनील-ए किरण खिडकीच्या काचेतूनही बऱ्याच प्रमाणात येतात, म्हणून बसच्या खिडकीशी रोज बसणाऱ्यालाही संरक्षण लागते व त्यासाठी वेष्टनावर ‘पीए’पुढे अधिकची चिन्हे किती आहेत हे पाहावे. गालांवर व कपाळावर तपकिरी छटा आणणाऱ्या वांगाच्या बाबतीत डोळ्यांना दिसणारा प्रकाशही रंग गडद करतो. तो अडवण्याचे काम लोहाच्या ऑक्साइडमुळे किंचित रंगीत झालेले सनस्क्रीन पांढऱ्या सनस्क्रीनपेक्षा चांगले करते आणि गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर राखेसारखे दिसतही नाही.

मुक्कामाच्या हिशेबात ज्या प्रसाधनाचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा आणि बहुधा होतच नाही, ते म्हणजे कुंकू आणि टिकली. इतर कोणतेही प्रसाधन एकाच चौरस सेंटिमीटरवर दिवसभर आणि तेही चाळीस-पन्नास वर्षे लावले जात नाही. पंढरपूरच्या बाजारात मिळणाऱ्या आणि सोलापूर जिल्ह्यातल्या केमसारख्या गावांत तयार होणाऱ्या कुंकवाची पारंपरिक कृती हळदीच्या रसायनावर उभी आहे. हळदीतील कर्क्युमिन हे पिवळे रंगद्रव्य चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाने लाल होते. बाजारातल्या स्वस्त कुंकवात हळदीऐवजी कृत्रिम रंग असू शकतात आणि त्यांतील काही अॅझो वर्गातील रंगांनी होणाऱ्या स्पर्शजन्य अॅलर्जीत खाज फारशी न येता कपाळावर थेट काळसर डागच उमटतो, त्यामुळे त्याचा संबंध कुंकवाशी लावायला वर्षे जातात. लिंबू पिळून पाहण्याची घरगुती परीक्षा एका बाजूनेच खरी आहे: कुंकू पिवळे पडले, तर ते चुन्याने लाल केलेल्या हळदीचे, हे बहुतांशी निश्चित, परंतु लाल राहिले म्हणून ते कृत्रिमच असे म्हणता येत नाही, कारण हळद व टाकणखार यांच्या संयोगातून आम्लातही टिकणारा लाल रंग तयार होऊ शकतो. कुंकवाखाली मेण लावण्याची जुनी पद्धत कुंकू चिकटावे म्हणून होती खरी, पण करंड्याशेजारच्या त्या मेणाच्या डबीमुळे रंग आणि त्वचा यांच्यात अनायासे एक पडदाही राहत असे.

टिकलीने हा पडदा काढला आणि त्या जागी गोंद आणला. काही टिकल्यांच्या चिकटद्रव्यात पॅरा-टर्शरी-ब्युटिल फिनॉल हे रसायन मोकळ्या रूपात राहून जाते आणि ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मारक ठरते. त्यामुळे टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडतो, ज्याला रासायनिक कारणाने आलेले कोड म्हणता येईल. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी १९९० च्या सुमारास हा संबंध नोंदवला. जागा खाजू लागली किंवा फिकट दिसू लागली, की टिकली त्याच दिवशी बंद करून तज्ज्ञांना दाखवावे. आणि तसे काही झाले नसले, तरी रात्री टिकली काढून कपाळ धुण्याची व वापरलेली टिकली आरशावर चिकटवून दुसऱ्या दिवशी पुन्हा न लावण्याची सवय चांगली.

काजळाबाबत थोडक्यात सांगण्यासारखे एवढेच, की घरी धरलेली काजळी आणि शिशाच्या सल्फाइडपासून केलेला सुरमा या दोन भिन्न वस्तू असून दुसरीपासून दूर राहावे. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत मात्र दोन्हींपैकी काहीही घालू नये. पापणीच्या आतल्या कडेवर अश्रू टिकवणारे तेल स्रवणाऱ्या ग्रंथींची तोंडे असतात, म्हणून काजळ पापणीच्या केसांच्या बाहेरून रेखावे, आणि उघडलेला मस्कारा तीन महिन्यांनी टाकून द्यावा.

नखांवरचा मुक्काम दिवसांत नव्हे तर आठवड्यांत मोजावा लागतो. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, त्यामुळे मुळाशी झालेली इजा टोकाशी येऊन कापली जाईपर्यंत पाचसहा महिने दिसत राहते. नख मृत असल्यामुळे त्याला ‘श्वास घेऊ देण्या’ची कल्पना निराधार आहे, तरी नेलपॉलिश व रिमूव्हर यांच्या सततच्या वापराने ते कोरडे व ठिसूळ होते हे खरे. गडद रंगाने येणारा पिवळेपणा टाळण्यासाठी खाली रंगहीन बेस कोट द्यावा. नेलपॉलिशमधील राळेची अॅलर्जी बोटांवर क्वचितच दिसते. दिवसभर बोटे जेथे नकळत लागतात त्या पातळ त्वचेच्या पापण्यांवर आणि मानेवर ती उठते, आणि बिचारे काजळ विनाकारण बदलले जाते. दिव्याखाली कडक होणाऱ्या जेल पॉलिशमध्ये अॅक्रिलेट वर्गातील द्रव्ये असतात. ती नीट कडक न होता कातडीला लागली, तर जडणारी अॅलर्जी आयुष्यभर राहू शकते व पुढे दातांच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या तशाच द्रव्यांच्या वेळी अडचण करते. म्हणून घरगुती संच आणून हा प्रयोग न करणे इष्ट. असे पॉलिश ओरबाडून काढल्यास नखाचा पापुद्रा सोबत येतो, त्याऐवजी अॅसिटोनचा बोळा दहाएक मिनिटे गुंडाळून ठेवावा. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी पार्लरमध्ये कापून घेण्याची प्रथा मात्र समजण्यापलीकडची आहे, कारण नखुरड्याच्या जंतूंना आत येण्याची फट तीच कातडी बुजवत असते.

काही प्रसाधनांचा मुक्काम त्वचेवर संपत नाही. गोरेपणाच्या काही क्रीममध्ये पाऱ्याचे क्षार बेकायदा घातलेले सापडले आहेत. पारा त्वचेत रंग तयार होण्याची क्रिया रोखतो, आत झिरपतो आणि मूत्रपिंडात साठतो. केरळातील मलप्पुरम येथे जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत विकाराचा एक दुर्मीळ प्रकार आढळला आणि त्यांतील १३ जणांनी अशी क्रीम वापरल्याचे मान्य केले. डबीवर उत्पादन परवाना क्रमांक व घटकांची यादी नसणे, किंवा क्रीम सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये अशी सूचना असणे, ही धोक्याची खूण समजावी, कारण पारा या धातूंशी एकजीव होतो. औषधाच्या दुकानातून ‘चेहऱ्याला चांगली’ म्हणून मागितली जाणारी स्टेरॉइडयुक्त ट्यूब हा याच वाटेवरचा दुसरा धोका. ती पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळवते, नंतर त्वचा पातळ, लाल व मुरुमांनी भरलेली करते, आणि थांबवताच लाली उसळून येते. २०१८ मध्ये त्वचेवर लावण्याची अनेक स्टेरॉइड्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत स्पष्टपणे घालण्यात आली. सवय लागली असेल, तर ती स्वतःहून एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सोडवावी लागते.

नवे प्रसाधन घेताना दुकानात मनगटावर लावून पाहिल्याने फक्त रंग आणि वास कळतो, कारण स्पर्शजन्य अॅलर्जी उमटायला दोन-तीन दिवस लागतात. लावून ठेवायची वस्तू चाचणीतही लावूनच ठेवावी लागते: कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, न धुता, सात ते दहा दिवस. शाम्पू किंवा फेसवॉशची चाचणी याच रीतीने केल्यास निर्दोष वस्तूही त्वचा जाळेल. त्यांना तेथेही अर्ध्या मिनिटात धुऊन टाकावे.