घोरणे, श्वास आणि दृष्टी

घोरणारा माणूस गाढ झोपला आहे, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु मोठ्याने घोरणे, मध्येच काही क्षण निःशब्द शांतता आणि मग गुदमरल्यासारखा घेतलेला श्वास, हा क्रम रात्रभर चालत असेल तर ते आजाराचे लक्षण असू शकते. वैद्यकशास्त्र त्यास ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ म्हणते. हृदयाशी असलेला त्याचा संबंध बऱ्याच जणांना ठाऊक आहे. डोळ्यांशी असलेला संबंध मात्र दुर्लक्षित राहिला आहे. म्हणून त्याचा येथे विचार करू.

झोपेत घशाचे स्नायू शिथिल होतात. काहींचा श्वासमार्ग तेव्हा इतका मिटतो की, दहा सेकंद किंवा अधिक काळ श्वास थांबतो अथवा अपुरा पडतो. तासाला ३० किंवा अधिक वेळा असे घडल्यास आजार तीव्र समजला जातो. प्रत्येक वेळी रक्तातील प्राणवायू घटतो आणि रक्तदाब उसळतो. डोळ्याच्या मुख्य नसेला अखंड रक्तपुरवठा लागतो. तिला हे चढउतार सोसत नाहीत.

परिणाम अनेक प्रकारचे असतात. काही रुग्णांच्या वरच्या पापण्या सैल पडून झोपेत उलटतात. सकाळी डोळे लाल होतात, चुरचुरतात. काचबिंदू या रुग्णांत अधिक आढळतो, असे अनेक अभ्यास सांगतात. सर्वांत गंभीर म्हणजे नसेचा रक्तपुरवठा अकस्मात घटणे. वेदना नसते, सकाळी उठल्यावर एका डोळ्याने अंधुक दिसते. गेलेली दृष्टी परत आणणारा खात्रीचा उपचार आज नाही. मधुमेह व उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी म्हणूनच विशेष सावध राहावे.

मूळ आजारावर मात्र उपाय आहेत. निद्रा-तपासणीने निदान होते. वजन घटवणे, मद्य टाळणे, कुशीवर झोपणे यांचा उपयोग होतो. १९८१ साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी मांडलेली ‘सीपॅप’ पद्धती मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवते. मुखवटा सैल असल्यास हवा डोळ्यांवर येऊन ते कोरडे पडतात. तो नीट बसवून घ्यावा. लहान मुले नेहमी घोरत असतील तर टॉन्सिल वाढले आहेत का, हे पालकांनी तपासून घ्यावे.

झोपलेल्यास स्वतःचा थांबलेला श्वास कळत नाही. तो शेजारी झोपणाऱ्यास कळतो. वसतिगृहात एकाच दालनात वाढलेल्या आपणा सर्वांना हे निराळे सांगणे नलगे. घरातील कोणाचा श्वास असा अडखळत असेल, तर त्यावर विनोद न करता त्यांना डॉक्टरांकडे न्यावे आणि डोळ्यांची तपासणीही करून घ्यावी, एवढीच आमची विनंती.