आजीची कॅसेट आणि पायथनची फोड

आमच्या इंदूरच्या घरात नव्वद मिनिटांची एक कॅसेट आहे. १९८८ च्या उन्हाळ्यात मामाने जात्याशेजारी टेपरेकॉर्डर ठेवून आजीचा आवाज भरून घेतला होता. ओव्या, दोन पाळणे, मंगळागौरीची गाणी, आणि मध्येच "अगं, दूध उतू जातंय बघ." आजी जाऊन आता एकोणीस वर्षं झाली.

मागच्या दिवाळीत ती फीत संगणकावर उतरवून घेतली. एकच अखंड फाइल तयार झाली. घरातल्या प्रत्येकाला मात्र आपापलं गाणं सुटं हवं होतं. कुठलं गाणं कुठे सुरू होतं हे सांगू शकेल असं एकच माणूस आता उरलंय, ते म्हणजे रामबागेतली आमची मावशी. तिचं वय ८१. ती कानाला हेडफोन लावून बसली आणि दोन तास एकेक वेळ सांगत गेली. माझा भाचा बीईच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तो लॅपटॉपवर टिपत होता.

आवाज कापायची तयार सॉफ्टवेअरं असतात, हे मलाही माहीत आहे. पण भाचा नुकताच पायथन शिकतोय, म्हणून मीच त्याला म्हटलं, "तूच लिही प्रोग्राम." त्याने लिहिला, चालवला, आणि लॅपटॉप गोठला. माउस हलेना, कळफलक ऐकेना. दहा मिनिटं वाट पाहून शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं. मावशीने सांगितलेल्या वेळा ज्या खिडकीत टिपल्या होत्या, ती सेव्ह केलेलीच नव्हती.

"मामा, फाइल तर पाचशे एमबीचीसुद्धा नाही. आठ जीबी रॅम कशी भरली?" त्याचा प्रश्न रास्त होता.

हिशेब करून पाहू. डिजिटल आवाज म्हणजे नुसती आकड्यांची रांग. आमच्या फाइलमध्ये सेकंदाला ४४,१०० आकडे आहेत, म्हणजे नव्वद मिनिटांचे जवळजवळ २३ कोटी ८१ लाख. फाइलमध्ये प्रत्येक आकडा दोन बाइटांत बसतो, म्हणून फाइल साडेसत्तेचाळीस कोटी बाइटांची. भाच्याने हे सगळे आकडे पायथनच्या साध्या लिस्टमध्ये ओतले. पण लिस्टमध्ये आकडा स्वतः राहत नाही, तिथे त्याचा फक्त पत्ता राहतो. एकेक पत्ता आठ बाइटांचा, म्हणजे नुसते पत्तेच १९० कोटी बाइट. आकडा दुसरीकडे असतो, आणि नेहमीच्या ६४ बिट पायथनमध्ये असा एक छोटासा पूर्णांक २८ बाइट खातो. उणे ५ ते २५६ हे आकडे पायथन आधीच बनवून ठेवतो, त्यामुळे शांत जागी थोडी बचत होते. पण आजीचा आवाज खणखणीत! वाईटात वाईट धरलं तर आणखी ६६६ कोटी. आठ जीबी म्हणजे साधारण ८५९ कोटी बाइट. तेवढ्यातच लिनक्स, ब्राउझर आणि न सेव्ह केलेली ती खिडकी. रॅम संपली की संगणक डिस्कचा आधार घेतो, डिस्क फार हळू असते, आणि आपल्याला वाटतं मशीन गोठलं.

आता फोडीकडे येऊ. पायथनमध्ये लिस्टचा तुकडा काढायला लिस्ट[२:५] असं लिहितात, त्याला स्लाइस म्हणतात. मोजणी शून्यापासून होते आणि शेवटचा आकडा धरला जात नाही, म्हणून इथे २, ३ आणि ४ क्रमांकाचे घटक मिळतात. नवशिक्यांना हे विचित्र वाटतं, मला मात्र मनापासून आवडतं. एक ओवी जिथे संपते तिथेच पुढचा पाळणा सुरू होतो. तोच आकडा दोन्हीकडे लिहायचा, काही दोनदा येत नाही आणि काही सुटत नाही. अशीच मोजणी का सोयीची, यावर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये एक छोटं टिपण लिहिलं होतं. पायथनचा जन्मही त्याच देशातला, अॅमस्टरडॅमचा.

पण लिस्टची फोड काढली की पायथन नवी लिस्ट बनवून सगळे पत्ते तिच्यात उतरवून घेतो. तीन मिनिटांच्या गाण्याला सहा कोटी पस्तीस लाख बाइट. भाच्याने सगळी गाणी कापून आणखी एका लिस्टमध्ये ठेवली होती, म्हणजे जवळजवळ अख्खे पत्ते पुन्हा एकदा! तरी यात पायथनची चूक आहे असं मी म्हणणार नाही. नक्कल असल्यामुळेच फोडीत केलेला बदल मूळ लिस्टला लागत नाही. रोजच्या शंभर-दोनशे घटकांच्या लिस्टला तेच बरं.

इथे मात्र नक्कल नको होती, फक्त "इथपासून इथपर्यंत" एवढी खूण पुरली असती. पायथनमध्ये तशी सोय आहे. आपण स्वतःचा क्लास लिहिला आणि त्यात 'गेटआयटम' नावाचं फंक्शन दिलं (नावाच्या मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोअर), की चौकोनी कंसात लिहिलेलं सगळं त्या फंक्शनच्या हातात येतं. तिथे एक स्लाइस नावाची वस्तू मिळते: सुरुवात, शेवट आणि टप्पा. गंमत म्हणजे सुरुवात आणि शेवट आकडेच असावेत अशी सक्ती नाही. म्हणून आम्ही असं लिहिता येईल असं केलं:

फीत["१२:४०":"१५:०५"]

आतलं फंक्शन मिनिटं-सेकंद वेगळे करतं, त्यांचे सेकंद करून ४४,१०० ने गुणतं आणि फक्त दोन आकडे लक्षात ठेवतं. सुरुवात दिली नाही तर फितीची सुरुवात धरायची, शेवट दिला नाही तर फितीचा शेवट. गाणं खरोखर लिहायची वेळ आली की पायथनसोबत येणारं 'वेव्ह' मॉड्यूल फाइलमध्ये नेमक्या जागी उडी मारून तेवढाच भाग वाचतं. तीन मिनिटांचे एक कोटी एकोणसाठ लाख बाइट. ते लिहून झाले की सोडून द्यायचे आणि पुढचं गाणं घ्यायचं. यात एकच सांभाळायचं: खुणा फाइलवर अवलंबून आहेत, तेव्हा मूळ फाइल मध्येच हलवायची नाही.

या वेळी मावशीने स्वतःच कागदावर वेळा लिहून दिल्या, मराठी आकड्यांत. भाचा ते इंग्रजी आकड्यांत बदलायला बसला होता, मी त्याला थांबवलं. अवतरणचिन्हांतल्या "१२" चा आकडा करायला सांगितला तर पायथन देवनागरी अंक सरळ ओळखतो. भाच्याचा विश्वास बसेना, त्याने दोनदा करून पाहिलं.

टप्पा मात्र आम्ही बंद ठेवला. कोणी टप्पा दिला तर प्रोग्राम चूक दाखवतो. कारण भाच्याने दोनचा टप्पा देऊन पाहिला, तेव्हा एकाआड एक आकडे गळले आणि आजी दुप्पट वेगाने चिमणीसारखी चिवचिवायला लागली. मावशी हसली, पण लगेच म्हणाली, "असं नको रे करू."

राहिली मर्यादा. लिनक्सवर पायथनचं 'रिसोर्स' मॉड्यूल मिळतं, विंडोजवर ते नाही. त्यातल्या 'सेटआरलिमिट'ने प्रोग्रामला आधीच सांगता येतं की तुला एवढीच मेमरी. ती ओलांडायला गेला की पायथन 'मेमरीएरर' देतो, प्रोग्राम थांबतो, बाकी लॅपटॉप शाबूत. अशी मर्यादा नसेल तर अगदी अखेरीस लिनक्स स्वतःच एखादा प्रोग्राम निवडून मारतो, आणि तो आपलाच असेल याची खात्री नाही. आम्ही पन्नास कोटी बाइटांची मर्यादा घातली आणि मुद्दाम भाच्याचा जुना प्रोग्राम तिच्याखाली चालवला. क्षणात मेला. नवा प्रोग्राम त्या मर्यादेच्या आसपासही गेला नाही. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. मी रोज ऑफिसात सर्व्हरवर अशा मर्यादा घालतो, घरच्या कामाला कशाला, असं वाटलं होतं. त्याची किंमत मावशीच्या दोन तासांनी मोजली.

ती दुसऱ्यांदा बसली तेव्हा भर दुपार होती. "पहिल्यांदा ऐकताना नुसतं रडू येत होतं, आता नीट ऐकू येतंय," म्हणाली. पहिल्या खेपेला तिने जे एकच मोठं गाणं धरलं होतं, त्याच्या तिने आता दोन वेगळ्या ओव्या केल्या. एकूण २७ तुकडे झाले, सगळ्यांना पाठवले. एक तुकडा, "६१:१०" पासूनचा, अजून बिननावाचा आहे. त्यात आजीबरोबर आणखी एका बाईचा आवाज आहे आणि मावशीलाही तो ओळखता आलेला नाही. तिच्या मते त्या शेजारच्या वाड्यातल्या असाव्यात. भाचा पुढच्या रविवारी तो तुकडा मोबाइलवर घेऊन त्या गल्लीतल्या जुन्या घरांमध्ये विचारायला जाणार आहे.