डबऱ्याचे अंडे, घाटीगावचे मूल

२०१९ च्या अखेरीस मध्य प्रदेशचे राजकारण काही आठवडे एका अंड्याभोवती फिरत होते. राज्याच्या तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री इमरती देवी यांनी अंगणवाडीतल्या मुलांना अंडी देण्याचे जाहीर केले होते. ग्वाल्हेरहून झाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर डबरा लागते. अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या या मतदारसंघातून इमरती देवी २००८, २०१३ आणि २०१८ अशा सलग तीन वेळा निवडून आल्या होत्या. मुले कुपोषित आहेत, तर त्यांना अंडे द्यावे, इतके सरळ त्यांचे म्हणणे होते. त्यावर विरोधी पक्षनेते गोपाल भार्गव यांनी, लहानपणापासून असे खाऊ घातले तर ही मुले मोठेपणी नरभक्षक होतील की काय, अशी भीती जाहीरपणे बोलून दाखवली.

हा वाद त्या राज्यात नवा नव्हता. २०१५ मध्ये अलीराजपूर, मंडला आणि होशंगाबाद या तीन आदिवासीबहुल भागांत प्रयोग म्हणून अंडी देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी तो फेटाळला होता. मार्च २०२० मध्ये कमलनाथ सरकार पडले आणि इमरती देवींचा प्रस्तावही बारगळला. पक्ष बदलून त्या पुन्हा त्याच खात्याच्या मंत्री झाल्या, पुन्हा अंड्याचा आग्रह धरला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झालेल्या चौहानांनी अंड्याऐवजी दूध देण्याची घोषणा केली. नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत त्या डबऱ्यातून हरल्या.

अंडे शाकाहारी घरातल्या मुलाच्या ताटात जबरदस्तीने ठेवावे असे कोणीच म्हणत नव्हते. ज्यांच्या घरी ते खाल्ले जाते पण परवडत नाही, त्या मुलांचा हा प्रश्न होता. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून दिवसाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा तेव्हा सरकारचाच निकष होता. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे जवळपास निम्मी गरज एका अंड्यात भागत होती. शिवाय अंड्यात पाणी घालता येत नाही, आणि त्याचे वाटप झाले की नाही हे मोजायला हिशेबनीस लागत नाही. महाराष्ट्राने हे आधीच ओळखले होते. इथल्या आदिवासी भागांत अमृत आहार योजनेतून २०१६ पासून लहान मुलांना आठवड्यातून चार वेळा अंडे किंवा केळे दिले जाते.

पण म्हणून मराठी वाचकाने ग्वाल्हेरकडे वरून पाहावे अशी परिस्थिती नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचे प्रमाण मध्य प्रदेशात ३५.७ टक्के आणि महाराष्ट्रात ३५.२ टक्के आढळले. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली, म्हणजे रोडावलेली मुले मध्य प्रदेशात १९ टक्के, तर महाराष्ट्रात २५.६ टक्के. मध्य प्रदेशाने मागच्या फेरीपासून बरीच सुधारणा केली आहे. तिथले खुरटलेल्या मुलांचे प्रमाण तेव्हा ४२ टक्के होते.

खर्चाचा आकडाही लक्षात ठेवण्याजोगा आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अंगणवाडीतल्या मुलाच्या आहाराचा दर दिवसाला सहा रुपयांवरून आठ रुपये केला. अतितीव्र कुपोषित मुलासाठी बारा. या पैशांत न्याहारीही बसवायची आणि दुपारचे गरम जेवणही. हे आठ रुपये तरी मुलापर्यंत पुरते पोहोचतात का? मध्य प्रदेशात घरी न्यायच्या कोरड्या शिध्याच्या वाटपाबाबत महालेखापरीक्षकांच्या तपासणीतले निष्कर्ष सप्टेंबर २०२२ मध्ये बाहेर आले. शिधा वाहून नेणारे ट्रक म्हणून ज्यांचे क्रमांक कागदोपत्री होते, त्यांतली काही वाहने मोटारसायकली, कार, ऑटोरिक्षा आणि टँकर निघाली. हा अंतिम अहवाल नाही, असे राज्य सरकारचे उत्तर होते. ज्या राज्यात एका अंड्यावर वर्षानुवर्षे चर्चा झाली, तिथे या ट्रकांवर तितकी चर्चा व्हायला हवी होती.

ग्वाल्हेर जिल्ह्याच्या पश्चिमेला, घाटीगावच्या बाजूला, जमीन खडकाळ होत जाते. वालुकाश्माच्या खाणी, विरळ जंगल आणि मध्ये मध्ये सहरिया आदिवासींच्या वस्त्या. त्या वस्तीला तिकडे सहराना म्हणतात. सहरिया, बैगा आणि भारिया हे मध्य प्रदेशातले तीन विशेष दुर्बल आदिवासी समूह. श्योपूर, शिवपुरी, गुणा, मुरैना, ग्वाल्हेर हा सहरियांचा पट्टा, आणि राजस्थानातले बारां त्याला लागून. २०१६ मध्ये श्योपूरमधल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी देश हादरला, तेव्हा राज्य सरकारला कुपोषणावर श्वेतपत्रिका काढण्याचे जाहीर करावे लागले. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०१७ पासून, या तीन समूहांतल्या महिलांना आहारासाठी दरमहा एक हजार रुपये देण्याची योजना आली. रोख रकमेचा उपयोग झालाच. पण सहरान्यातली आई सकाळी खाणीवर, सरपणाला किंवा दुसऱ्याच्या शेतावर जाते, तेव्हा दोन वर्षांचे मूल कोणाजवळ राहते, हा प्रश्न हजार रुपयांनी सुटत नाही.

बहुतेक वेळा ते सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ राहते. म्हणून बहीण शाळेत जात नाही. धाकट्याला भरवण्याइतकी समज तिला नसते. कोरडी पोळी त्याच्या हातात दिली जाते आणि संध्याकाळी आई येईपर्यंत तेवढ्यावर दिवस निघतो. चैत्रात गहू-मोहरीच्या कापणीला कुटुंबे दूर जातात, त्यांना त्या भागात चैतुआ म्हणतात. तेव्हा मूल अंगणवाडीच्या पटावर असते आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच जिल्ह्यातल्या शेताच्या बांधावर. अतितीव्र कुपोषित मुलासाठी पोषण पुनर्वसन केंद्रात आईसह साधारण चौदा दिवस राहण्याची सोय आहे, बुडालेल्या मजुरीची भरपाईही आहे. तरी आया मुलाला घेऊन मुदतीआधीच घरी परततात, कारण मागे राहिलेल्या दोन मुलांना पाहणारे कोणी नसते. कुपोषण म्हणून आपण जे मोजतो, त्यातला मोठा भाग हा कोणी सांभाळायला नसण्याचा आहे, असे या पट्ट्याकडे पाहताना ठामपणे म्हणावेसे वाटते.

नेमकी हीच अडचण डहाणूजवळच्या वारली पाड्यांवर दोन मराठी बायकांसमोर उभी राहिली होती. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत घडल्या, दादरला शिशुविहार चालवले, आणि १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. शहरातला बालशिक्षणाचा अनुभव खेड्यात चालेना. गरिबांची मुले बालवाडीच्या इमारतीपर्यंत येतच नव्हती. मग या दोघींनी बालवाडी उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. साधने म्हणून खडे, बिया, पाने, शिंपले. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, तिथे आणखी एक गोष्ट कळली: थोरली मुलगी कडेवर भावंड घेतल्याशिवाय येऊ शकत नाही. यातून विकासवाडी उभी राहिली. एकाच जागी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात गेली, तिचे नावच कुरणशाळा.

जवळपास त्याच काळात, महायुद्धाच्या वर्षांत, मारिया मॉंटेसरी भारतात होत्या, आणि त्यांच्या चरित्रात ग्वाल्हेरच्या प्रशिक्षणवर्गाचा व तिथल्या आदर्श शाळेचा उल्लेख येतो. शिंदे संस्थानाला शिक्षणाची हौस होतीच. किल्ल्यावरची सिंधिया स्कूल माधवराव शिंद्यांनी १८९७ मध्ये सरदारपुत्रांसाठी काढली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतली मुले शिकली, नोकऱ्यांना लागली, इंदूर-मुंबई-पुण्याला गेली. पण ग्वाल्हेरच्या शिक्षणाची वाट राजवाड्याकडून खाली यायची होती, आणि सहरान्यापर्यंत ती आली नाही. बोर्डी-कोसबाडची वाट पाड्यापासून सुरू झाली. पुढे देशाने स्वीकारली ती हीच वाट, पण अर्धीच.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, आईला आरोग्यशिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एका अंगणवाडीत. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत, आणि मध्य प्रदेशात ९७ हजारांहून अधिक. इतका विस्तार आपोआप झालेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २८ नोव्हेंबर २००१ रोजी प्रत्येक वस्तीत अंगणवाडी देण्याचा आदेश दिला. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात तर सहा वर्षांखालची चाळीस मुले असलेल्या वस्तीने मागणी केली की तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असे म्हटले. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये आहाराला कायद्याचा आधार दिला.

पाळणाघर मात्र या सहा सेवांत नव्हते. ताराबाईंनी जी गोष्ट शाळेच्या पायाशी ठेवली, ती राष्ट्रीय योजनेतून गळली. शिक्षण नावाला राहिले. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा वयापुरता आहे. त्याआधीच्या मुलांसाठी शिक्षणहक्क कायद्याच्या अकराव्या कलमात सरकारने सोय करावी इतकीच मुभा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला, आणि मे २०२३ मध्ये केंद्राने 'पोषण भी पढाई भी' हा कार्यक्रम काढला. पण शिकवायचे कोणी?

ज्या बाईने शिकवायचे तिच्याकडे गरोदर बायकांची नोंद, वजन-उंची, लसीकरणाचा दिवस, पोषण ट्रॅकर ॲपमधली माहिती आणि निवडणुकीची कामेही असतात. १९७५ मध्ये मॅट्रिक झालेल्या सेविकेचे मानधन दीडशे रुपये होते. केंद्राच्या हिशेबी ते २०१८ मध्ये साडेचार हजार झाले. मध्य प्रदेशने जून २०२३ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर ते दहा हजारांवरून तेरा हजारांवर नेण्याचे जाहीर केले. शब्द मात्र 'मानधन' हाच. २००६ मध्ये अमीरबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सेविका सरकारी पदावर नाहीत असे ठरवले होते. २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातच्या दाहोदमधून आलेल्या मणिबेन प्रकरणात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या पीठाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. हा निकाल उशिरा आला, पण मोठा आहे.

तमिळनाडूत अर्थतज्ज्ञांनी ६४० अंगणवाड्यांत केलेला प्रयोग इथे महत्त्वाचा ठरतो. निम्म्या केंद्रांत फक्त शिकवण्यासाठी अर्धवेळ एक जास्तीची बाई दिली. अठरा महिन्यांत शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचे भाषा-गणित सुधारले, आणि मूळ सेविकेला पोषणाकडे पाहायला वेळ मिळाल्याने कुपोषणही घटले. त्यासाठी नवी इमारत किंवा नवे ॲप लागले नाही, आणखी दोन हात लागले.

मे २०२२ मध्ये मुख्यमंत्री चौहान अंगणवाडीच्या मुलांसाठी खेळणी गोळा करत भोपाळच्या रस्त्यावर हातगाडी घेऊन फिरले. लोकांनी भरभरून दिले. लोकांची माया खरी होती. पण लोकांच्या खेळण्यांनी केंद्रात दुसरी बाई नेमली जात नाही आणि केंद्र संध्याकाळपर्यंत उघडे राहत नाही. त्यासाठी अर्थसंकल्पात तरतूदच हवी.

केंद्राच्या 'पालना' योजनेत देशभरात सतरा हजार अंगणवाडी-सह-पाळणाघरे उभारण्याचे लक्ष्य आहे. चौदा लाख अंगणवाड्यांच्या तुलनेत हे शंभरातले एक-सव्वा केंद्र. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन मोहिमेत सहरियांसारख्या समूहांच्या वस्त्यांसाठी अडीच हजार अंगणवाड्या आहेत. त्या बांधतानाच त्यांत पाळणाघराची खोली धरली, तर पुढे भिंती फोडाव्या लागणार नाहीत. मनरेगाच्या कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई मजुरीवर नेमण्याची तरतूद त्या कायद्याच्या अनुसूचीत करण्यात आली होती. कर्नाटकने २०२३ मध्ये 'कूसिना मने' या नावाने मनरेगाच्या मजूर बायकांच्या मुलांसाठी पंचायतींत पाळणाघरे सुरू केली.

घाटीगावसाठी आणखी एक दार उघडे आहे. २०१५ पासून खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आहेत, मध्य प्रदेशातही आहेत. खाणचालकांकडून येणाऱ्या या निधीतला मोठा वाटा आरोग्य, शिक्षण, महिला व बालकल्याण अशा अग्रक्रमाच्या कामांवर खर्चायचा, असा नियम आहे. ओडिशातल्या केओंझार जिल्ह्यात याच निधीतून आदिवासी वस्त्यांत पाळणाघरे चालवली गेली, दिवसभर उघडी, तीनदा खाणे, सांभाळायला त्याच वस्तीतल्या बायका. ग्वाल्हेरच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि प्रतिष्ठानवरच्या लोकप्रतिनिधींना त्यासाठी भोपाळच्या नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. पुढच्या वार्षिक आराखड्यात खाणपट्ट्यातल्या सहरान्यांची नावे आणि प्रत्येक नावापुढे पाळणाघराची तरतूद, इतके घालून सुरुवात करता येईल, आणि जिथे घरचे खातात तिथे मुलांना अंडेही.