न हलणारा नट

मोटारीच्या चाकाच्या मध्यभागी पुष्कळदा एक लहान गोल झाकण असते. ते काढले असता आत एक जाड नट दृष्टीस पडतो. कारागीर त्यास ‘ॲक्सल नट’ म्हणतात. आपण त्यास आसाचा नट म्हणू. १९८३ साली मारुती ८०० ही मोटार भारतात रस्त्यावर आली आणि पुढील चाकांना इंजिनाची गती देणाऱ्या लहान मोटारींचा पुढे येथे मोठा प्रसार झाला. अशा मोटारीत इंजिनाकडून आलेला फिरता दंड चाकाच्या तुंब्यातून बाहेर येतो व त्याच्या टोकावरील आट्यांवर हा नट आवळलेला असतो. बेअरिंग घरघरू लागले किंवा दंडाचा सांधा झिजला, म्हणजे हा नट काढावा लागतो. घरी दुरुस्ती करू पाहणारा मनुष्य पाना लावतो, सारा जोर एकवटतो, आणि नट तसूभरही हलत नाही. असे का व्हावे?

प्रथम आवळलेला नट म्हणजे काय ते पाहू. नट फिरविला की आट्यांच्या उतारावरून तो पुढे सरकतो आणि दंड किंचित ताणला जातो. ताणलेला दंड रबराप्रमाणे पूर्वस्थितीस येऊ पाहतो. त्यामुळे नट, तुंबा आणि बेअरिंग एकमेकांवर घट्ट दाबले जातात. दाब वाढला की घर्षण त्याच प्रमाणात वाढते, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंताँ याने १६९९ साली मांडला. नट आवळताना खर्ची पडणाऱ्या जोरापैकी स्थूलमानाने निम्मा भाग नटाच्या बुडाशी आणि सुमारे चार दशांश भाग आट्यांत, असा घर्षणातच जातो. दंड ताणण्यास जेमतेम एक दशांश उरतो. नट आपोआप सुटत नाही तो या घर्षणामुळेच.

वास्तविक नट सोडविताना आट्यांचा उतार आपल्याला साह्य करतो. तेव्हा स्वच्छ नट आवळण्यास लागला त्याहून थोड्या कमी जोराने सुटावा. मग तो अडतो का? याचे उत्तर गंजात आहे. पावसाचे पाणी आट्यांच्या फटीत शिरते आणि लोखंडाचा ऑक्सिजनाशी संयोग होतो. झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. फटीत ही जागा नसल्याने तो पाचरीसारखा घट्ट बसतो.

आता जोराचा हिशेब करू. फिरविण्याची शक्ती केवळ बलावर अवलंबून नसते. बल आणि आसापासूनचे अंतर यांच्या गुणाकारावर ती ठरते. या गुणाकारास परिबल म्हणतात. तीस किलो वजन उचलण्याइतका जोर, म्हणजे सुमारे ३०० न्यूटन बल, २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्यास लावले, तर परिबल ७५ न्यूटन-मीटर होते. आसाचा नट मात्र बहुधा २०० न्यूटन-मीटर किंवा त्याहून अधिक परिबलाने आवळलेला असतो. तोच जोर एक मीटर लांब दांड्याच्या टोकास लावला, तर परिबल ३०० न्यूटन-मीटर होते. मनुष्य तोच, जोर तोच, लाभ तरफेचा. अर्थात ही देणगी फुकटची नव्हे. नट जेवढा फिरावा त्यासाठी हातास चौपट वाट चालावी लागते.

परंतु दांडा लावण्यापूर्वी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. नटास स्प्लिट पिन असल्यास ती काढावी. नटाची कड ठोकून दंडाच्या खाचेत बसविली असल्यास ती प्रथम उचलावी. क्वचित एका बाजूचे आटे उलटे असतात, म्हणून गाडीची माहितीपुस्तिका पाहावी. आट्यांवर गंज सोडविणारे पातळ तेल घालून काही तास वाट पाहावी. ते बारीक फटींत आपोआप ओढले जाते. पाना सहा कडांचा व नटावर पूर्ण बसणारा असावा, नाहीतर नटाचे कोपरे झिजून काम अधिकच बिघडते.

तापविण्याचा उपायही सांगितला जातो. पोलाद एका अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या सुमारे बारा दशलक्षांश इतके प्रसरण पावते. २४ मिलिमीटर व्यासाचा नट १५० अंशांनी तापला, तर त्याचे छिद्र सुमारे चार शतांश मिलिमीटरने मोठे होते. गंजाची पकड मोडण्यास एवढे पुरते. पण शेजारीच बेअरिंगचे वंगण आणि रबरी सील असतात, व तेल घातलेल्या नटाजवळ ज्योत नेणे धोक्याचे. हे काम अनुभवी कारागिरावर सोपवावे.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. हा नट सोडविताना चाक जमिनीवर टेकलेले असावे, हातब्रेक ओढलेला असावा व दुसऱ्या कोणी पायाचा ब्रेक दाबून धरावा. यामागे दोन कारणे आहेत. चाक अधांतरी असेल तर नटाबरोबर तेही फिरू पाहते. आणि लांब दांड्याचा हिसका बसताच जॅकवर उचललेली गाडी घसरून कोसळू शकते. त्या गाडीखाली मनुष्याचा हात किंवा पाय असला, तर काय होईल ते सांगावयास नको. दांडा आपल्याकडे, पाय रोवून, संथपणे ओढावा. स्थिर घर्षणापेक्षा गतिमान घर्षण कमी असते. म्हणून नट सुटतो तो एकाएकी, आणि अंगाचा भार दांड्यावर टाकणारा मनुष्य तोंडघशी पडतो.

नट सैल झाला की गाडी हलवू नये, कारण बेअरिंगची पकड त्याच नटावर अवलंबून असते. ती सुटलेली असताना चाकावर भार घेऊन गाडी ढकलली, तर बेअरिंग बिघडू शकते. चाक पुढे उचलावयाचे झाल्यास केवळ जॅकवर विसंबू नये. गाडीखाली भक्कम लोखंडी आधार ठेवावा. पुन्हा बसविताना पुस्तिकेत सांगितले असेल तर नवा नट घ्यावा आणि परिबल मोजणाऱ्या पान्याने नेमक्या आकड्यापर्यंतच आवळावा. सैल राहिला तर चाक डुलते, अति आवळला तर आटे किंवा बेअरिंग बिघडते.

अडलेल्या नटापुढे दंडातील बळापेक्षा हे ज्ञानच उपयोगी पडते. जो प्रथम विचार करतो व मग ओढतो, त्याचा नटही सुटतो आणि हातपायही शाबूत राहतात.